अठ्ठेचाळीस सेकंदांचा निरोप

अहमदपूर बसस्थानक,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५,
सकाळी ११ वाजून २० मिनिटे.
(नांदेडच्या गाडीतून १०.३५ ला उतरलो. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. आता फलाटासमोरच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन लिहीत आहे.)

तीर्थस्वरूप चंद्रप्पा काका यांस,
हरिओमचा साष्टांग नमस्कार.

'तीर्थरूप' फक्त वडिलांना लिहायचं, बाकी मोठ्या माणसांना 'तीर्थस्वरूप', हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तेव्हा मी आठवीत होतो आणि याच स्टँडवर पहाटे तुमच्या पेपरचे गठ्ठे उतरवून घेत होतो. तुम्ही बातमीच्या कागदावर लाल पेनानं माझ्या चुका गोल करायचात आणि म्हणायचात, "हरी, बातमी चुकली तर माफी छापता येते. पण आधी अक्षर तर नीट लिव्ह."

शिवकांता काकूंचा गुडघा कसा आहे? थंडी सुरू झाली की त्यांना पायऱ्या चढताना त्रास होतो, म्हणून विचारलं. लातूरच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा त्या वापरतात का?

माझं बरं चाललं आहे. नांदेडला खोली तीच आहे, भाडं पाचशेनं वाढलं. लातूरच्या एका केबल चॅनेलच्या लोकांना पुढच्या आठवड्यात दोन दिवस शिकवायचं ठरलं होतं, ते मी काल रद्द केलं. उदगीरच्या एका साप्ताहिकाचंही विचारणं आलं आहे. लोक मला 'सर' म्हणतात, काका. माझ्या कार्डावर 'सोशल मीडिया प्रशिक्षक व सल्लागार' असं छापलं आहे. शिक्षणाची ओळ मी मुद्दाम छापली नाही.

तुम्हाला वाटेल, दिवसभर मोबाइलवर असणारा हा पोरगा आज कागदावर का लिहितो? कारण मोबाइलवर लिहिलेलं पुसता येतं. ते मला फार चांगलं येतं.

आत्ताच एक कंडक्टर समोर येऊन ओरडला, "नांदेड, नांदेड!" मी उठून उभा राहिलो होतो. पुन्हा बसलो. चहावाल्यानं विचारलं, "साहेब, चढायचं न्हाई का? दुसरी गाडी गेली की तुमची."
"कुणाची तरी वाट बघतोय," म्हणालो.
"बघा की. वाट बघायला तिकीट न्हाई लागत."

आता ६ तारखेचं लिहितो. मी घड्याळ बघून लिहून ठेवतो हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे वेळा अचूक आहेत.

त्या गुरुवारी नांदेडला पेपरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये माझं प्रशिक्षण होतं. दोन दिवसांचं, त्यातला तो शेवटचा दिवस. जिल्ह्याचे आणि तालुक्यांचे मिळून एकोणीस प्रतिनिधी फोन बंद करून समोर बसले होते. गुडघा दुखत असलेल्या काकूंना सोडून येता येणार नाही असं तुम्ही आधीच कळवलं होतं. संपादक माधवराव पहिल्या रांगेत होते. त्यांच्या शेजारी डेस्कवरची मुग्धा होती. तिनं पत्रकारितेचं शिक्षण पुण्यात घेतलं आहे. ती वहीत काही लिहायला लागली की मला वाटायचं, ती माझ्या चुका लिहिते आहे.

विषय होता, खोटी बातमी कशी ओळखावी. मी माझा 'दोन फोनचा नियम' शिकवत होतो: निधनाची बातमी आली तर घरातल्या दोन माणसांना फोन करायचा, दोघांनी होकार दिला तरच पोस्ट टाकायची. दुसरा नियम, प्रतिनिधींच्या ग्रुपवर आवाजी मेसेज पाठवायचा नाही. जे सांगायचं ते लिहून. पेपरचं ऑनलाइन पान आणि हा ग्रुप मीच सांभाळायचो, त्यामुळे आवाजी मेसेज मी ॲडमिन म्हणून रोज पुसून टाकायचो. दिवसाला तीन-चार तरी. सगळ्यांना त्याची सवय झाली होती.

११.४१ ला तुमचा मेसेज आला. हॉलमधला मोठा पडदा माझ्या लॅपटॉपला जोडलेला होता, त्यामुळे तो सगळ्यांनी वाचला. "मोंढ्यातले आडत व्यापारी पंचाक्षरी अप्पा गेल्याचा निरोप मुदखेडला त्यांच्या लेकीकडे गेला आहे. बघतो."

मला फार आनंद झाला, काका. कुणी मेल्याचा आनंद नव्हे. शिकवत असताना खरं उदाहरण हातात आलं, याचा. मी म्हणालो, "चला, आता प्रत्यक्ष करून दाखवतो."

पहिला फोन अप्पांच्या घरी केला, स्पीकरवर. सुनेनं उचलला. मी पेपरचं नाव सांगितलं. ती हळू म्हणाली, "हाव. गेले." दुसरा फोन मुदखेडला, सुकन्याताईंना. त्या बोलूच शकल्या नाहीत. नुसत्या रडत होत्या. हॉलमध्ये कुणी खुर्ची हलवली नाही. मी फोन ठेवला आणि दोन बोटं वर केली. "झाली खात्री."

११.५२ ला पेपरच्या ऑनलाइन पानावर पोस्ट गेली. काळी चौकट, अप्पांचा फोटो, खाली 'अहमदपूर प्रतिनिधीकडून', म्हणजे तुमच्याकडून.

पुढचं तुम्ही भोगलं आहे. बातमी मोंढ्यात पोचली आणि साडेबाराला सौदा बंद झाला. ज्येष्ठ आडत्या गेला म्हणून व्यापाऱ्यांनी शटरं ओढली. सोयाबीनचे ट्रॅक्टर तसेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी भाव दोनशेनं उतरला. कुणी तरी रुद्रभूमीत माणसं पाठवून खड्डा खणायला लावला. आणि अप्पा घरात पाटावर बसून जेवत होते.

आता मला सगळं माहीत आहे. सकाळी दुकानासमोर अप्पांच्या डोक्याला कावळा शिवला होता. जुनी रीत अशी की मग जवळच्या माणसाला मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. तो खरोखर रडला की अरिष्ट टळतं. मग दुसरा निरोप जातो, माणूस जिवंत आहे. तोवर घरातल्या कुणी खरं बोलायचं नसतं. म्हणून सुनेनं 'हाव' म्हटलं. म्हणून सुकन्याताई खऱ्या रडल्या. माझे दोन्ही फोन बरोबर होते आणि बातमी खोटी होती.

तुम्ही माधवरावांना सांगितलंत, "मी आवाजात कळवलं होतं, थांबा म्हणून." तुमच्या फोनवर त्या जागी फक्त 'ॲडमिनने मेसेज हटवला' एवढं दिसत होतं. माधवरावांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हणालो, "व्हॉइस आला होता सर. नियमाप्रमाणे न ऐकता पुसला."

माधवराव म्हणाले, "सव्वीस वर्षं झाली म्हणून काय डोक्यावर बसवू? लिहायला सांगितलं तर लिहिता येत नाही या माणसाला?"

लिहिता येत नाही, असं ते तुमच्याबद्दल म्हणाले. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिलो.

काका, इथपर्यंत लिहून दहा मिनिटं थांबलो होतो. चहा घेतला. स्टँडवरच्या पेपरच्या स्टॉलवर गेलो. म्हाताऱ्या अमृतरावांनी मला ओळखलं नाही, किंवा ओळख दाखवली नाही. स्टॉलच्या पत्र्याला ८ तारखेच्या अंकातली ती चौकट कापून चिकटवली आहे. तुमचा फोटो, खाली 'यांचा आमच्या दैनिकाशी कोणताही संबंध राहिलेला नाही, त्यांच्याशी व्यवहार केल्यास दैनिक जबाबदार राहणार नाही.' अमृतराव दुसऱ्या गिऱ्हाईकाला सांगत होते, "चंद्रप्पा आता इकडं येईनाच की. पेपर इकत घ्यायलाबी लाजून राहिलाय. सव्वीस वर्षं फुकट वाचला, आता पाच रुपये काढायला जिवावर येतंय म्हणं." दोघंही हसले.

ती चौकट मी केली आहे. माधवरावांनी सांगितलं, "हरिओम, पानावर टाकायला आणि छापायला एकच कार्ड बनव." मी बनवलं. तुमचा फोटो माझ्याकडेच होता, काकूंच्या वाढदिवसाला मी काढलेला. त्यातून काकूंना कापलं. मजकूर दोनदा तपासला. एकही चूक नव्हती.

आता राहिलेलं लिहितो.

तुमचा आवाजी मेसेज ११.४६ ला आला. पोस्टच्या सहा मिनिटं आधी. तो पडद्यावर सगळ्यांना दिसला. मुग्धानं विचारलं, "सर, ऐकायचा का? त्याच बातमीचा असेल."
मी म्हणालो, "बघा, आला पुन्हा रेडिओ. चंद्रप्पा काकांना टाइप करा म्हटलं की त्यांचा अंगठा आजारी पडतो."
सगळे हसले. एकोणीसच्या एकोणीस. माधवरावही. मला बरं वाटलं.

आणि तो मी न ऐकता पुसला नाही. १२.०९ ला सगळे चहाला गेल्यावर जिन्यात उभा राहून कानाला फोन लावून ऐकला. पूर्ण. तुम्ही म्हणालात:

"हरी, थांब रे. टाकू नको. अप्पाच्या डोक्याला सकाळी कावळा शिवलाय. लेकीला खोटा निरोप धाडलाय, ती रडली की दुसरा फोन जातोय. घरच्यांना इचारशील तर ते खरं सांगणार न्हाईत, त्यांचाबी इलाज न्हाई. मी सोता बघून आलो, अप्पा आत बसून दशमी खाऊन राहिलेत. अर्धा घंटा थांब. आन काकूनं इचारलंय, जेवलास का?"

अठ्ठेचाळीस सेकंद. शेवटी तुम्ही खोकलात.

१२.०९ ला मी पोस्ट काढली असती तर मोंढा बंद झाला नसता. सौदा साडेबाराला थांबला. माझ्या हातात एकवीस मिनिटं होती. मी काय केलं? जिन्यात उभा राहून विचार केला की साडेबाराला प्रमाणपत्रं वाटायची आहेत, पाहुणे आले आहेत. खोटी बातमी कशी ओळखावी हे शिकवणाऱ्यानंच खोटी बातमी टाकली असं कळलं तर कुणी तरी विचारील, याचं शिक्षण काय? आणि मग सगळं उघडं पडेल. मला तेवढंच दिसत होतं. अप्पा दिसत नव्हते, तुम्ही दिसत नव्हतात.

१२.१० ला मी तो मेसेज आधी स्वतःच्याच दुसऱ्या नंबरवर पाठवला आणि मग ग्रुपवरून सगळ्यांसाठी पुसला. आधी पाठवला का, ते मला आजही सांगता येत नाही. प्रत्येक कागदाची प्रत ठेवायची, ही सवय तुम्हीच लावली होती. पोस्ट १.४० ला काढली, तीही माधवरावांना अप्पांच्या मुलाचा फोन आल्यावर.

तेव्हापासून फोन वाजला की मी आधी तुमचं नाव आहे का ते बघतो. तुमचं नाव दिसलं तर काय बोलायचं ते मी कागदावर लिहून ठेवलं होतं. तुम्ही एकदाही फोन केला नाहीत. दर वेळी स्क्रीनवर दुसरंच नाव असतं आणि मला हायसं वाटतं, आणि हायसं वाटल्याचीच पुन्हा भीती वाटते. बुधवारी मुग्धा जिन्यात भेटली. इकडे तिकडे न बघता तिनं विचारलं, "सर, त्या व्हॉइसमध्ये काय होतं?" मी म्हणालो, "ऐकलाच नाही." ती म्हणाली, "बरं. तुम्ही चहाला आला नव्हतात, म्हणून विचारलं." आणि खाली उतरून गेली.

शुक्रवारी कळलं की अप्पांच्या मुलानं ठाण्यात तुमच्या नावानं अर्ज दिला आहे, मुद्दाम अफवा पसरवली म्हणून. उद्या सोमवारी अकरा वाजता तुम्हाला बोलावलं आहे. हे मला काकूंनी सांगितलं. हो, मी काकूंना फोन केला होता. तुम्ही घरी नसाल अशी वेळ बघून केला. त्या म्हणाल्या, "ह्यांच्याजवळ काई पुरावा न्हाई रे हरी. सारखं तेच म्हणून राहिलेत, मी पोराला सांगितलं व्हतं, मी पोराला सांगितलं व्हतं. कोन्या पोराला, ते मात्र सांगंनात. नाव घेईनात." मग म्हणाल्या, "तुझ्या फोनच्या कामातलं तुला कळतं. तू काई बघ की."

तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. माधवरावांसमोरही 'आवाजात कळवलं होतं' एवढंच म्हणालात. मी ऐकलं असेल हे तुम्हाला माहीत होतं का? मला वाटतं, होतं. मी आवाज न ऐकता राहत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? लहानपणी मी स्टँडवरच्या सगळ्या घोषणा तोंडपाठ म्हणायचो.

म्हणून शनिवारी खालच्या गोष्टी केल्या. आधी केल्या आणि मग इथं आलो, कारण मी स्वतःला ओळखतो. आधी आलो असतो तर तुमच्यासमोर रडून, पाया पडून, पुन्हा नांदेडची गाडी धरली असती.

या पाकिटात एक मेमरी कार्ड आहे. त्यात तुमचा आवाज आहे, आल्याची तारीख आणि वेळ दिसते आहे. मी ऐकल्याची आणि पुसल्याची वेळ मी वेगळ्या कागदावर लिहून सही केली आहे. तो कागदही सोबत आहे.

माधवरावांना हीच हकीकत लिहून काल दुपारी स्पीड पोस्टानं पाठवली. ईमेल केला नाही, कारण तो पाठवल्यावरही मी ऑफिसात जाऊन त्यांचा कॉम्प्युटर उघडू शकलो असतो. त्यांचा पासवर्ड मीच ठरवून दिलेला आहे. पोस्टाची पेटी मला उघडता येत नाही. पत्र उद्या सकाळी त्यांच्या हातात पडेल. त्यात मी माझं शिक्षणही लिहिलं आहे. तुमच्याबद्दल छापली तेवढ्याच मापाची चौकट माझ्याबद्दल छापावी, अशी विनंती केली आहे. मजकूरही लिहून दिला आहे, म्हणजे चूक होणार नाही. पोस्टाच्या पावतीची झेरॉक्स सोबत आहे.

उद्या पावणेअकराला मी ठाण्याच्या दारात उभा राहीन. राहायचं ठरवलं आहे. पण काका, मला भीती वाटते. पोलिसांची कमी. आत बसलेले तुम्ही मान वर करून बघाल, त्याची जास्त. मी तिथं नसलो तर वाट बघू नका. कार्ड आणि कागद साहेबांपुढे ठेवा, तेवढं पुरे आहे. मी पळालो तरी तुमचं काम अडू नये, असंच सगळं लिहिलं आहे.

१२ वाजून ५० मिनिटे झाली. आता उठतो. पाकीट काकूंच्या हातात देईन. तुम्ही दारात असलात तर तुमच्या.

हिशेब लिहिल्याशिवाय कागद बंद करायचा नाही, अशी तुमची सवय, म्हणून:

प्रशिक्षणाचे मिळाले रु. १६,०००. पैकी उरलेल्या रु. ९,४०० चा चेक माधवरावांच्या पत्रासोबत परत पाठवला. त्यांचे देणे राहिले रु. ६,६००.
खर्च: मेमरी कार्ड ३५०, झेरॉक्स व पाकिटे २२, स्पीड पोस्ट २८, नांदेड-अहमदपूर तिकीट ११५, चहा दोन वेळा २०. एकूण रु. ५३५. परतीचे तिकीट काढलेले नाही.
तुमचे देणे: बारावीचा फॉर्म तुम्ही दोनदा भरलात त्याचे रु. ८९०. शिवाय, जेवलास का, या प्रश्नाचे उत्तर. त्या दिवशी जेवलो नव्हतो, काका. आजही नाही.

तुमचा,
हरिओम
(बारावी नापास, दोन वेळा)